घरात कोणी फौजी नाही, मग मुलाला एनडीएसाठी घडवायचं कसं?

ताई, तुमचा मुलगा नववीत आहे, एनडीएत, म्हणजे पुण्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत, जायचं म्हणतो, घरात आजवर कोणी फौजेत गेलेलं नाही. तेव्हा घरून काय करावं आणि कोचिंग अकॅडमीत आत्ताच घालावं का, असं तुम्ही विचारलंय. मी इन्फन्ट्रीतून निवृत्त झालो, आता एसएसबीला, म्हणजे लेखीनंतरच्या पाच दिवसांच्या निवड चाचणीला, जाणाऱ्या पोरांची तयारी करून घेतो. त्या अनुभवावरून लिहितोय.

अकॅडमीची घाई नको. एनडीएची लेखी परीक्षा ९०० गुणांची, त्यात गणित ३०० आणि सामान्य क्षमता ६००. एसएसबीलाही ९००च. म्हणजे निम्मे गुण त्या पाच दिवसांचे, आणि तिथं जे बघतात ते क्लासात घोटून येत नाही. एका चाचणीत ६० शब्द एकामागून एक दाखवतात. प्रत्येकाला १५ सेकंद, सुचेल ते वाक्य लिहायचं. पाठ केलेली वाक्यं थोडा वेळ पुरतात, मग घरात रोज कानावर पडलेलंच कागदावर उतरतं. पुढे स्वतःविषयी लिहायला सांगतात: आईवडिलांचं तुझ्याबद्दल मत काय, शिक्षकांचं काय, मित्रांचं काय. ‘आई म्हणते मी आज्ञाधारक आहे’ एवढं लिहून थांबणारी पोरं माझ्याकडे ढिगानं येतात. आज्ञा पाळणं हवंच, पण तिथं निवड होते ती अधिकाऱ्याची. वेळ पडली तर कुणाला न विचारता निर्णय घेईल असा गडी त्यांना हवा असतो.

असा गडी घरातच तयार होतो. माझे वडील सुभेदार, वर्षाकाठी दोन महिने सुट्टीवर यायचे. शेती आईच बघायची. आठवीत असल्यापासून रात्रीची लाईट असली की पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला मला एकट्याला पाठवायची. बॅटरी आणि खोरं घेऊन निघायचं. डोळा लागला की पाट फुटून पाणी शेजाऱ्याच्या वावरात. मग सकाळी त्याच्या दारात जाऊन बोलणी खायची तीही मीच. आई कधी मध्ये पडली नाही. पुढं कमिशन मिळून अधिकारी झाल्यावर रात्रीच्या गस्तीत जागं राहायला तर हे उपयोगी पडलंच, पण काही बिनसलं तर आपणच पुढं होऊन सांगायचं, ही सवय त्याहून जास्त कामी आली.

तुमच्याकडे शेत नसेल. आजोबांची औषधं आणून वेळेवर देणं, महिन्याचा किराणा ठरलेल्या पैशांत बसवणं, असं एक काम पूर्ण त्याच्यावर टाका. अट एकच: विसरला तर तुम्ही गुपचूप उरकायचं नाही. पहाटे पाचला ओरडून उठवण्यापेक्षा हे अवघड आहे, कारण यात आईबापालाच गप्प बसावं लागतं. धाकानं उठणारं पोर हॉस्टेलला गेलं की रविवारी दहापर्यंत लोळतं.

घराण्याचं म्हणाल, तर साताऱ्याजवळच्या अपशिंग्यातून पहिल्या महायुद्धात ४६ जण कामी आले, गावात त्यांचं स्मारक आहे. अशा गावातल्या पोराला फौज परकी वाटत नाही, तेवढा फायदा असतोच. पण माझ्याबरोबर शिक्षकाची, एसटी कंडक्टरची मुलं होती आणि ती कुठं कमी पडली नाहीत.

नोकरीत समाधान मिळेल की नाही, तेही बरंचसं घरावर ठरतं. कंपनी कमांडर म्हणजे शंभराहून जास्त जवानांचा कुटुंबप्रमुखच. कुणाचा भावाशी बांधावरून वाद, कुणाची बायको दवाखान्यात, कुणाला बहिणीच्या लग्नाला सुट्टी हवी. घरकामाच्या मावशींना ज्या घरात ‘अहो मावशी’ म्हणतात, त्या घरातला पोरगा जवानाचं नीट ऐकून घेतो. त्या जवानांच्या मुलींच्या लग्नांची आमंत्रणं मला अजून येतात. मिळालेल्या पदकांपेक्षा मला त्यांचं अप्रूप जास्त.

आणि ही हौस त्याचीच आहे ना, एवढं मात्र खात्रीनं बघा. बापाची राहून गेलेली इच्छा घेऊन आलेला मुलगा मुलाखतीत फार वेळ टिकत नाही.

दहावीच्या वर्षी छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्थेच्या प्रवेश परीक्षेची जाहिरात बघा. राज्य सरकारची संस्था आहे, अकरावी-बारावीसोबत एनडीएची तयारी तिथंच होते. मुलींसाठी तशीच नाशिकला आहे. अकरावीला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र सोडू देऊ नका. भूदलाला कुठलीही शाखा चालते, पण नौदल आणि हवाई दलाची दारं बंद होतात.