घरच्या बागेत पहिलं तळं करताय? मग आधी हे वाचा

खड्डा खणायच्या आधी दोन दिवस नुसतं बघा ऊन कुठे येतं ते. कुमुदिनीला फुलायला पाच-सहा तास ऊन लागतं, आणि आंब्याखाली तर तळं नकोच, पानं कुजून पाणी काळं पडतं (माझं पहिलं तळं असंच वाया गेलं).

खोली मधे दोन फूट पुरे, पण एक बाजू उथळ, उतरती ठेवा, दगड लावून. सरळ भिंती केल्यात तर बेडूक, सरडे आत पडतात आणि बाहेर येता येत नाही बिचाऱ्यांना. घरात लहान मूल असेल तर मात्र वर जाळी हवीच. खाली शेततळ्याला वापरतात तो ५०० मायक्रॉन जाडीचा प्लास्टिकचा कागद घाला, साधी ताडपत्री उन्हाने तडकते.

नवीन लोक हमखास करतात त्या चुका:
- नळाचं पाणी भरून त्याच दिवशी मासे सोडणं. क्लोरीन असतं हो, दोन दिवस जाऊ द्या, मासे तर महिन्याभराने.
- फुकट मिळते म्हणून जलपर्णी टाकणं. बघता बघता सगळं झाकून टाकते. कडेला वेखंड, वाळा लावा.
- पाणी हिरवं झालं की घाबरून उपसणं. सुरुवातीला होतंच, झाडं वाढली की निवळतं.

डासांचं विचाराल, तर गप्पी (डासांच्या अळ्या खाणारे छोटे मासे) तळ्यात सोडा, ओढ्यात मात्र नको, आणि चतुर (ते पारदर्शक पंखांचे उडते किडे) यायला लागले की त्यांची पिल्लंही पाण्यात डासांच्या अळ्या खातातच. फिल्टर, पंपाचं नंतर बघू, आधी एक पावसाळा जाऊ दे.