हरल्यावर पट उधळणारा लेक

पत्र: ताई, आम्ही अमळनेर तालुक्यात राहतो. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नणंदा मुलंबाळं घेऊन येतात. दुपारी उन्हामुळे कुणी बाहेर पडत नाही, मग मुलं सापशिडी मांडतात, नाहीतर खडूने घरं आखून चिंचोक्यांनी खेळतात. माझा ९ वर्षांचा मुलगा हरला की सोंगट्या उधळतो आणि खोलीत जाऊन कडी लावतो. यंदा ६ वर्षांची धाकटी बहीण जिंकली, तर त्याने पटच फाडला. हल्ली मी मुद्दाम हरते. सासूबाई माळकरी आहेत. ‘देवाच्या घरात फासा नको, धर्मराजाचं काय झालं ते आठव,’ म्हणतात. सासरे एका अखाजीला पत्त्यांत बैलजोडी हरले होते. खेळ बंदच करू का? – एक सून

उत्तर:

ताई, सासूबाईंपासून सुरू करते, कारण त्यांचं दुखणं जुनं आहे. आपल्याकडे अखाजीला बायका निंबाच्या झोक्यावर गौराईची गाणी म्हणतात आणि पुरुष पारावर पत्ते कुटतात. पैसे लावून कुटतात. सणाची रीत म्हणून त्याकडे काणाडोळा होतो, पण दावणीची जोडी गेलेलं घर ज्या बाईने पाहिलं, तिला फाशाची भीती वाटणारच. त्यांच्याशी वाद घालू नका. पैसा लावायचा नाही आणि पत्ते घरात आणायचे नाहीत, हे दोन शब्द त्यांना द्या आणि पाळा.

धर्मराजाचं त्या बोलल्या ते खरंच आहे. पण तो डाव मला वेगळा दिसतो. पहिल्या हरण्याला त्याला उठता आलं असतं. उठता आलं नाही, म्हणून धन गेलं, राज्य गेलं, भाऊ गेले, आणि शेवटी द्रौपदीला पणाला लावलं. तुमच्या सासऱ्यांनीही पहिल्याच पानाला बैल लावले नसतील. गेलेलं परत मिळवायच्या हट्टाने माणूस बसून राहतो. तुमच्या लेकाला छळतंय ते हेच, ताई. हरलो, हे त्याच्या घशाखाली उतरत नाही. आज तो पट फाडतो. हा हट्ट मोडला नाही तर उद्या परीक्षेत, धंद्यात, कापसाचा भाव पडल्यावर तो काय करील, याची मला खरी काळजी वाटते.

म्हणून खेळ बंद करू नका. हरायची सवय लागायला स्वतःच्या घराइतकी सुरक्षित जागा दुसरी नाही. इथे काही जात नाही, आणि हरल्यावरही जेवायला त्याच पंगतीत बसायचं असतं.

आणि मुद्दाम हरणं आजपासून सोडा. हे मी थोडं कडक सांगते आहे, पण ९ वर्षांच्या पोराला ते कळतं. ‘याला हार झेपत नाही’ असं आईलाही वाटतं, एवढंच तो त्यातून शिकतो. माझे वडील तापीकाठचे साधे शेतकरी. आम्हा भावंडांशी सोंगट्या खेळताना एक घर सोडायचे नाहीत. पण स्वतः हरले की मांडी थोपटून म्हणायचे, ‘हारनू बापा, चाल, परत मांड.’ हरलेला माणूस हसूही शकतो, हे मी तिथे पाहिलं. तुमच्या घरात हे कोणी दाखवतं का? नवऱ्याला खेळायला बसवा. मोठ्यांनी खरं हरावं, आणि ते मुलाच्या डोळ्यांदेखत.

सासूबाईंसाठी एक गोष्ट सांगते. आपण जिला सापशिडी म्हणतो, तिचं जुनं रूप म्हणजे मोक्षपट. परंपरेने तो ज्ञानेश्वर माउलींच्या नावे सांगितला जातो. कवड्या टाकून खेळायचा. त्यात साप म्हणजे काम, क्रोध, लोभ यांसारखे विकार, शिड्या म्हणजे सद्गुण, आणि शेवटचं घर मोक्षाचं. फाटलेल्या पटाऐवजी जाड पुठ्ठ्यावर असा पट मुलाकडूनच काढून घ्या. कोणत्या सापाला काय नाव, कोणती शिडी दयेची, कोणती क्षमेची, हे सासूबाईंनी सांगावं. रोज हरिपाठ म्हणणाऱ्या बाईला ते तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. किती दान पडेल हे आपल्या हाती नाही. पडलेलं दान मान्य करून सोंगटी सरळ चालवणं मात्र आहे. त्या ज्याला पांडुरंगाची इच्छा म्हणतात, ते नातवाला कवडीच्या दानातून जितकं कळेल तितकं कीर्तनातून एवढ्यात कळायचं नाही.

राहिली ती कडी. दार वाजवू नका, रागावू नका, लाडू दाखवून बाहेरही काढू नका. धाकटी आपणहून दाराशी गेली तर तिला थांबवू नका. मात्र तिला पुढे ढकलूही नका. रुसून ताटी लावून बसलेल्या ज्ञानदेवांची समजूत धाकट्या मुक्ताईनेच काढली होती. ती मुक्ताई आपल्याच जळगाव जिल्ह्यात, तापीकाठी विसावली. सुट्टीत दोघांना मुक्ताईनगरला घेऊन जा आणि मंदिरात बसून ताटीची गोष्ट सासूबाईंना सांगायला लावा. ‘तू पट फाडलास’ हे तिथे काढायचं नाही. पण घरी आल्यावर नवा पट त्याने बहिणीच्या हातात द्यायचा, ही अट ठेवा.

पुढच्या अखाजीला घागर पुजून झाली, मांडे-रस जेवून झाला, की पट ओसरीवर मांडा. पहिली कवडी सासूबाईंना टाकू द्या.