पेटीमागून : गाणं लिहिलं, आता गायचं कसं?

प्रश्न : ताई, मी कराडची, वय 22. गिटार मोबाइलवर बघून शिकले. वहीत वीसेक कविता आहेत, मैत्रिणींना आवडतात. पण गायला घेतल्या की ओळी चालीत बसत नाहीत. पुढच्या महिन्यात कोल्हापूरच्या एका कॅफेत ओपन माइक आहे, प्रत्येकाला 15 मिनिटं. आई म्हणते, आधी विशारद हो, मग लोकांसमोर जा. काय करू?

उत्तर : जा. आईंना माझा नमस्कार सांग. त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. क्लास लावच, सकाळी उठून सा लाव, त्याला पर्याय नाही. पण विशारदच्या अभ्यासक्रमात स्वतःचं गाणं लिहायला कुणी शिकवत नाही, आणि ते शिकायला परीक्षेच्या निकालाची वाट बघावी लागत नाही.

आता ओळींचं. तू आधी कविता लिहितेस आणि मग तिला चाल लावतेस, असं पत्रावरून दिसतं. कवितेत वाचणारा मागे जाऊन ओळ परत वाचू शकतो. गाणं कानावरून एकदाच जातं. म्हणून वही मीट, मांडीवर केहरवा तालाच्या आठ मात्रा धर आणि ओळ म्हणून बघ. जीभ अडते तिथे बहुतेक दोन जोडाक्षरं शेजारी शेजारी आलेली सापडतील. एकाला हलव.

मग सम, म्हणजे तालाच्या फेरीची पहिली मात्रा, कुठे पडते ते बघ. ‘पाऊस’मधला ‘पा’ आवर्तनाच्या शेवटाला गेला आणि ‘ऊस’ समेवर आला, तर आमच्या सांगलीकडच्या श्रोत्यांना साखर कारखानाच आठवणार. हसू नकोस, भर कार्यक्रमात मी पेटीवर बसून हे ऐकलंय. गायिका डोळे मिटून आळवत होती आणि तिसऱ्या रांगेत माना एकमेकांकडे वळत होत्या.

ओळ जिथे लांबवायची तिथे तोंड उघडं हवं. ‘वारा’, ‘माती’, ‘डोळे’ यांच्यावर दम असेल तोवर थांबता येतं. ‘अस्वस्थ’वर थांबून दाखव! शिवाय बोलताना आपण शेवटचा अ गिळतो, गाताना तो परत येतो. ‘घर’ बोलताना एका झटक्यात संपतं, गाताना त्याला दोन पुरती अक्षरं लागतात. बोलून मोजलेली ओळ गाताना वाढते ती अशी. तुझ्या निम्म्या ओळी इथेच अडखळत असणार.

यावर माझ्याकडे एकच औषध आहे : रोज एक अभंग लिही. देवाचा नको, एसटीचा लिही, मेसच्या डब्याचा लिही. मोठ्या अभंगाचा साचा सोपा आहे. पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे, चौथा चार अक्षरांचा, दुसऱ्या-तिसऱ्याला यमक. जोडाक्षर एकच अक्षर धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ मोजायचं नाही. हा बघ, पत्र वाचता वाचता जुळवलेला :

गाडी आली नाही, उभी मी फाट्याशी,
पिशवी पायाशी, ऊन डोई.

फार थोर नाही, मान्य. पण पेटीवर ठेवला की लगेच चालायला लागतो, कारण त्यात गाणाऱ्याच्या श्वासाची जागा आधीच सोडलेली आहे. सुचलं तरच लिहीन, असं म्हणत बसू नकोस. गीतरामायणाची 56 गाणी 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला नवं गाणं या वेगानं आली. पुढच्या आठवड्याची वेळ ठरलेलीच असायची.

वीस कवितांमधून मुखडा होऊ शकेल अशी एक तरी ओळ शोध. मुखडा प्रत्येक अंतऱ्यानंतर परत येतो, त्यामुळे सगळी गोष्ट त्यातच सांगून टाकलीस तर अंतऱ्याला काम उरत नाही. अंतऱ्यानं काहीतरी नवं आणावं, आणि तोच मुखडा परत आल्यावर आधीपेक्षा थोडा वेगळा लागावा. नव्या मुलांच्या गाण्यात मला हे फार क्वचित दिसतं. चार अंतरे असतात आणि चारही एकच गोष्ट सांगतात.

कॅफेचं आता. पंधरा मिनिटं म्हणजे तीन गाणी. चौथं घरी ठेव. वायर जोडणं, गिटार जुळवणं आणि दोन वाक्यं बोलणं यातच चार मिनिटं जातात. पहिलं गाणं सगळ्यात चांगलं नको, तापातही गाता येईल असं हवं. वरच्या सुरात जाणारं दुसऱ्या नंबरला घे, गळा तोवर उघडलेला असतो.

पट्टी ठरवताना मुखडा गाऊन ठरवू नकोस, अंतऱ्यातला सगळ्यात वरचा सूर गाऊन ठरव. मुखडा ऐटीत सुरू करून अंतऱ्यात किंचाळणारे मी इतके ऐकलेत की आता सुरुवातीच्या ओळीलाच मला कळतं. ठरलेली पट्टी गाण्याच्या नावापुढे लिहून ठेव आणि कापो, म्हणजे गिटारच्या दांडीवरचा पट्टी बदलायचा चिमटा, त्याप्रमाणे लाव. स्टेजवर लय हमखास चढते. म्हणून गिटारला हात लावण्याआधी अंतऱ्याची पहिली ओळ मनात म्हण आणि लय तिच्यावरून पकड.

माइक ओठांपासून चार बोटांवर, किंचित तिरका. समोर धरलास तर प, फ, भ आले की स्पीकर धाडधाड उडतो. माइकची जाळी मुठीत धरायची नाही, माइक घेऊन स्पीकरसमोर जायचं नाही, नाहीतर शिट्टी वाजेल. आणि गेल्या गेल्या साउंडवाल्या दादाला भेट, त्याचं नाव विचार. तुझा आवाज तुला ऐकू यावा की नाही, हे त्या संध्याकाळी त्याच्या हातात आहे. ऐकू येत नसेल तर गाणं सुरू करण्याआधी सांग, ‘दादा, मॉनिटरला माझा आवाज थोडा द्या.’ यात कमीपणा नाही, रोज गाणारेही हेच करतात.

‘माझी पहिलीच वेळ आहे, सांभाळून घ्या’ हे वाक्य गिळून टाक. गाण्याचा अर्थही आधी सांगू नकोस. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेव, पण ते त्याच रात्री ऐकू नकोस, दुसऱ्या दिवशी ऐक. कुठल्या ओळीला लोकांनी मोबाइलमधून मान वर काढली, तेवढं मात्र तिथेच लक्षात ठेव. पुढचं गाणं तिथून सुरू होतं.

प्रश्न : मी निफाड तालुक्यातला, भजनी मंडळात गातो, स्वतःची गाणी लिहितो. गणपतीत मंडळं बोलावतात, पण म्हणतात, सिनेमातली गाणी म्हणा. बिदागीचंही आधी कुणी बोलत नाही.

उत्तर : दादा, तुमच्या शेजारच्या सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक (1922-2004) आयुष्यभर स्वतः लिहीत आणि गावोगाव स्वतः गात फिरले. लिहिणारा आणि गाणारा एकच, ही काही गिटारीबरोबर आलेली गोष्ट नाही. तुमच्या भागातल्या लोकांच्या कानाला ती सवय आहेच. तिचा उपयोग करा.

सुरुवात सगळ्यांना येणाऱ्या गजरानं करा. टाळ जमला, टाळ्या सुरू झाल्या की न थांबता त्याच ठेक्यात, त्याच पट्टीत स्वतःचं गाणं उचला. ‘हे माझं आहे’ हे संपल्यावर सांगा. धृपद एवढं आटोपशीर ठेवा की मागे साथ गाणाऱ्या झीलकऱ्यांना आणि समोरच्या पोरांना दुसऱ्या फेरीला म्हणता यावं. एका पट्टीतली गाणी सलग लावा. पेटीवाला पट्टी चटकन बदलतो, तबलजीला मात्र हातोडी घेऊन बसावं लागतं. तेवढ्यात पब्लिक वडापावला जातं आणि परत येत नाही. फर्माइशीचं एखादं सिनेमाचं गाणं शेवटी म्हणा, त्यात पाप नाही.

सुपारी घेतानाच निम्मे पैसे हातात घ्या आणि साउंडचा खर्च कुणाचा ते विचारा. वेळेचंही ठरवून घ्या. रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर ध्वनिक्षेपक लावायला बंदी आहे. सणावाराला राज्य सरकार 12 पर्यंत सवलत देऊ शकतं, पण वर्षात 15 दिवसांपेक्षा जास्त नाही. आपला दिवस त्यात आहे का, हे मंडळाला विचारा. नसेल आणि सत्कार साडेनऊपर्यंत चालले, तर तुमच्या वाट्याला अर्धाच तास येतो.

प्रश्न : शब्द माझे, चाल मित्राची. पुण्यातल्या एका स्टुडिओनं रेकॉर्डिंग फुकट करून देऊ म्हणत ‘सर्व हक्क कायमचे’ असा कागद पुढे केलाय. सही करू का?

उत्तर : आज नको. एका गाण्यात तीन वेगवेगळे हक्क असतात : शब्दांचा तुमचा, चालीचा मित्राचा, आणि ध्वनिमुद्रणाचा, जो सहसा पैसे घालणाऱ्याकडे जातो. फुकटात स्टुडिओला तिसरा मिळत असेल तर हरकत नाही. पहिले दोन त्याच्याबरोबर का द्यायचे?

शब्दांचा आणि चालीचा हक्क गाणं लिहून ठेवलं की आपोआप मिळतो, नोंदणी सक्तीची नाही. तो हयातभर आणि त्यानंतर 60 वर्षं राहतो. 2012 च्या कायदादुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. तो वारसांना किंवा हक्क सांभाळणाऱ्या संस्थेलाच देता येतो. अशी संस्था म्हणजे आयपीआरएस. गाणं प्रसिद्ध होणार असेल तर दोघंही सभासद व्हा.

कागदातला ‘कायमचे’ शब्द खोडायला सांगा आणि वर्षं लिहून घ्या. करारात मुदतच नसेल तर कायदा 5 वर्षं धरतो, प्रदेश नसेल तर फक्त भारत धरतो. हे तुमच्या बाजूचं आहे. पण छापील कागदात लिहिणारा सहसा त्याच्याच बाजूचं लिहितो, म्हणून एकदा वकिलाला दाखवा.

स्टुडिओच्या आधी मात्र मित्राशी बोला. कुणाचं काय, वाटा किती, नाव कुठे, हे अर्ध्या पानावर लिहा, तारीख घाला, दोघांच्या सह्या करा. ‘आपल्यात कसलं आलंय कागदबिगद’ असं तो म्हणेल. त्याला चहा पाजा आणि कागद लिहूनच उठा.