सांगलीत घराच्या खालच्या मजल्यावर नर्सरी सुरू करायची आहे. २५ मुलांना एक टीचर पुरेल ना? मावशी ठेवायलाच पाहिजे का? रोजच्या अडचणी काय येतात आणि फी किती ठेवावी?

मावशी ठेवायलाच पाहिजे का हे वाचलं आणि राहवलं नाही. ठेवायलाच पाहिजे. २५ मुलांना टीचर पण दोन आणि मावश्या पण दोन. फीचं गणित त्यावरून मांडा, आधी फी ठरवून मग माणसं कापू नका.

मी विश्रामबागला नर्सरी चालवते, आधी एका मैत्रिणीबरोबर भागीदारीत होती, आता एकटीची आहे. जूनमधली रडारड सगळ्यांना माहीत असते, ती जुलैपर्यंत ओसरते, तिचं टेन्शन घेऊ नका. जीव काढतात त्या बारीक गोष्टी. एकाच वेळी तिघांना शी लागते, तेवढ्यात कोणीतरी कोणाच्यातरी गालाला चावलेलं असतं आणि शाळा सुटायला अर्धा तास राहिलेला असतो. टीचर एकटी असली आणि ती धुवायला बाथरूममध्ये गेली तर वर्गात बाकीच्या पोरांजवळ कोण आहे? सकाळी तापाचं औषध पाजून पाठवलेलं पोर साडेदहाला परत तापतं, आई कुपवाड एमआयडीसीत शिफ्टला, फोन उचलता येत नाही, मग त्या पोराला मांडीवर घेऊन कोण बसतं? मावशीच बसते. पावसाळ्यात हँड फूट माउथ आलं, तोंडात फोड, तळहाताला पुरळ दिसलं, की आठवडाभर घरी ठेवायला सांगा, पालक चिडले तर चिडू देत, पण ते पुरळ पहिल्यांदा दिसतं कोणाला, तर हात धुवून देणाऱ्या मावशीला.

आता मूळ गोष्ट. आमच्याकडे पहिल्यापासून एक वही आहे, पोराला न्यायला कोण येणार त्यांची नावं, फोन नंबर, पालकांची सही. त्यात नसलेल्या माणसाकडे पोर द्यायचं नाही. हा नियम मी आणि माझ्या पार्टनरने मिळून केलेला. एकदा दिवाळीनंतर शाळा सुटताना एक तरुण मुलगा बाईकवर आला, म्हणाला मी हिचा काका, घरून पाठवलंय, द्या. पोरगी पण त्याला बघून हसली, काका काका करत गेटपाशी गेली. मावशीने वही बघितली, आई, बाबा, आजोबा एवढीच नावं. मी आईला फोन लावला, ती बँकेत काउंटरवर, उचलेना. वडिलांचा बंद. मावशीने पोरीला कडेवर घेतलं, गेटला कडी घातली आणि म्हणाली, "तुमी कोन बी असा, वहीत नाव न्हाई, पोरगी मिळायची न्हाई." तो मुलगा तापला, तुझी लायकी काय, झाडू मारणारी तू, असलं बरंच काही सगळ्या रिक्षावाल्यांसमोर बोलला. ती हलली नाही. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. शेवटी आजोबा आले तेव्हाच पोरगी गेली, आणि हो, तो खरोखर सख्खा काका होता.

दुसऱ्या दिवशी घरची चार माणसं ऑफिसात. घराणं मोठं, नाव असलेलं. आमच्या पोराचा अपमान केला म्हणून. माझ्या पार्टनरने मावशीला आत बोलावलं आणि त्यांच्या देखत तिला माफी मागायला लावली, वर म्हणाली उद्यापासून हिला काढून टाकते. मी तिथल्या तिथे सांगितलं की काढायचं असेल तर आधी वही फाडा, कारण वहीवर तुमच्या सुनेची सही आहे. ते लोक उठून गेले, ती पोरगी आणि तिचा चुलतभाऊ, दोघांची नावं काढली. मग पार्टनर मला म्हणाली, एका मावशीच्या पगारासाठी तू दोन अॅडमिशन घालवल्यास, त्यापेक्षा गेटवर कॅमेरा बसवू आणि एखादी शिकलेली टीचर उभी करू, ती नीट बोलली असती.

हे मला आजही पटत नाही. शिकलेल्या टीचरने त्या दिवशी पोरगी देऊन टाकली असती. गोड बोलून दिली असती. तिला बाईकची, आडनावाची, घराण्याची भीड पडली असती. मावशीला फक्त वही माहीत होती आणि पोर माहीत होतं. तो काका निघाला म्हणून मावशी चुकली असं होत नाही ओ, गेटवर उभं राहून ते कळायला काय मार्ग होता? कॅमेऱ्यात काय दिसलं असतं, पोर कोण घेऊन गेलं ते नंतर दिसलं असतं. कडी घालायला हातच लागतो.

सरकारला पण हे कळतं. २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तिच्यातल्या अंगणवाडीत सेविका वेगळी आणि मदतनीस वेगळी, कारण एकीने सगळं होत नाही. आणि बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक, अनुताई वाघ बोर्डी-कोसबाडला बालवाड्या चालवत होत्या तेव्हा पोरांचं हातपाय धुणं, नखं कापणं हे शिक्षणातच मोडायचं. आपल्याकडे मात्र इंग्लिश राइम म्हणून घेणारी ती मॅडम आणि शी धुणारी ती बाई. पोराला हा फरक नसतो, ते पडलं की जी जवळ असेल तिलाच बिलगतं.

वर्षाच्या शेवटी आमची भागीदारी मोडली. त्यात अजून एक कारण होतं, मे महिन्याचा पगार. पालकांकडून आपण फी वर्षाची घेतो आणि मावशीला मेमध्ये सुट्टी म्हणून पैसे नाहीत, हे पार्टनर सगळीकडे असंच चालतं म्हणायची. चालत असेल. मी बारा महिन्यांचा देते, म्हणून ती मावशी अजून माझ्याकडेच आहे आणि माझी नर्सरी पण चालू आहे, पार्टनरला कोणी सांगणार असेल तर सांगा.

कॅमेरा बसवू नका असं माझं म्हणणं नाही, २०२४ ला बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवरच्या अत्याचाराचं प्रकरण झाल्यापासून पालक पहिलं तेच विचारतात आणि बरोबर विचारतात. बसवा. बाथरूमपर्यंतच्या पॅसेजमध्ये पण बसवा, आत नको. कोणालाही कामावर ठेवताना पोलीस व्हेरिफिकेशन करा, मावशी असो नाहीतर टीचर, ओळखीतली असली तरी. आणि सगळ्याच टीचर भीडेला बळी पडतात असंही नाही, माझ्याकडची एक तर मावशीपेक्षा कडक आहे.

लिहिणं शिकवा म्हणून पालक मागे लागतील, तीन वर्षाच्या पोराच्या हातात पेन्सिल कोंबू नका, बोटांत जोरच नसतो, माती द्या, मणी ओवायला द्या. वय ३१ डिसेंबरला तीन पूर्ण होतंय का बघा, अडीच वर्षाचं पोर पालक गळ्यात मारतात आणि मग पहिलीला सहा पूर्ण होत नाहीत म्हणून तुमच्याशीच भांडतात. बाथरूमच्या आतल्या कड्या काढून टाका. घर मारुती चौक, गावभाग त्या बाजूला असेल तर २०१९ च्या पुराचं पाणी कुठवर आलं होतं ते शेजाऱ्यांना विचारा आणि रजिस्टर, खेळणी वरच्या मजल्यावर ठेवायची सोय करा.

फीचा आकडा मी सांगत नाही, गल्लीगल्लीला वेगळा आहे. भाडं तुम्हाला नाही हे चांगलं. दोन टीचर, दोन मावश्या, बारा महिने, याची बेरीज करून २५ ने नाही, १८ ने भागा, कारण पहिल्या वर्षी २५ येत नाहीत.