वडाला मोकळी माती हवी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या वाडीतल्या जुन्या वडाभोवती गेल्या वर्षी सिमेंटचा पार बांधून वर लाद्या बसवल्या. यंदा पानं पिवळी पडून गळताहेत, शेंड्याकडच्या फांद्या वाळल्या आहेत. पाणी रोज घालतो. कीड लागली असेल का?
– एक वाचक, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : किडीआधी लाद्यांवर संशय घ्या. वडाची अन्नपाणी शोषणारी बारीक मुळं बहुतेक वरच्या दीड-दोन फूट मातीत असतात आणि फांद्यांच्या घेराबाहेरही पसरतात. त्यांना पाण्याइतकीच हवा लागते. लाद्यांनी ती अडते, त्यात बुंध्याशी रोज घातलेलं पाणी आपल्याकडच्या काळ्या, चिकण मातीत साचून राहतं आणि मुळं कुजतात. पार भरताना बुंध्यावर मातीचा भराव चढवला असेल, तर सालही कुजते. शेंडा आधी वाळतो, कारण पाणी सगळ्यात लांब पोचवायचं असतं ते तिथेच.

पावसाळ्याआधी बुंध्याभोवती निदान चार-पाच फूट रुंदीचा पट्टा मोकळा करा. काम छिन्नी-हातोडीनेच करून घ्या, ब्रेकर चालवला की खालची मुळं चिरडतात. भराव हाताने काढा आणि जमिनीची जुनी पातळी येईल तिथे थांबा. मोकळ्या मातीवर तीन-चार इंच पालापाचोळा पसरा, पण बुंध्याला टेकू देऊ नका. यंदा रासायनिक खत अजिबात नको, दुखावलेली मुळं त्याने भाजतात. पाणी आठवड्यातून एकदाच, भरपूर, आणि फांद्यांच्या सावलीच्या कडेने. पार मात्र मोडीत काढू नका. संध्याकाळी टेकायला, चार घरच्या गोष्टी बोलायला वाडीला तो हवाच. फक्त सिमेंटशिवाय, फटी ठेवून रचलेल्या दगडांचा बांधा.

पारंब्या कापल्या जात असतील तर ते आधी थांबवा. कोलकात्याजवळच्या शिबपूरच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध वडाचा मूळ बुंधा बुरशीने सडला, १९२५मध्ये तो काढून टाकावा लागला. झाड आजही हिरवंगार आहे ते केवळ जमिनीत उतरलेल्या पारंब्यांच्या बळावर. एखादी पारंबी वाटेत येत असेल तर जाड बांबू उभा चिरा, आतल्या गाठी फोडा, माती आणि शेणखत भरून पारंबी त्यात घ्या, सुतळीने बांधा आणि हव्या त्या जागी जमिनीत टेकवा. माती ओली राहिली पाहिजे, म्हणून हे पावसाळ्यातच करा. मेघालयातले खासी लोक वडाच्याच जातकुळीतल्या रबराच्या झाडाची मुळं सुपारीच्या पोकळ खोडांतून ओढ्यापलीकडे नेतात. बरीच वर्षं जपल्यावर त्यांचे जिवंत पूल होतात.

प्रश्न : वटपौर्णिमेला बाजारातून फांदी आणून पुजण्यापेक्षा स्वतःचा वड लावावा असं आम्हा मैत्रिणींना वाटतं. तीच फांदी लावली तर जगेल का? आणि सुताने झाडाला इजा होते का?
– एक वाचक, रावपुरा, वडोदरा

उत्तर : विचार फार चांगला आहे. या शहराचं नावच वडावरून पडलं. पण बाजारातली फांदी कोवळी, बारीक आणि सुकलेली असते, ती सहसा जगत नाही. छाटणी चाललेल्या झाडाची मनगटापेक्षा थोडी बारीक, चार-पाच फूट लांब, पक्क्या सालीची फांदी घ्या. खालचा काप तिरका द्या, वरचा सरळ. चीक धुऊन फांदी तासभर सावलीत ठेवा, वरच्या कापावर शेण लिंपा. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्ड्यात दोन भाग माती, एक भाग शेणखत, एक भाग वाळू घाला. वाळू टाळली की काळ्या मातीत बूड सडतं. पहिला दमदार पाऊस झाला की फांदीचा तिसरा हिस्सा पुरून माती घट्ट दाबा.

बहुतेकांचं चुकतं ते यापुढे. दोन-तीन आठवड्यांत पालवी फुटते, पण ती फांदीत साठलेल्या अन्नावर. मुळं तेव्हा आलेली असतीलच असं नाही. ओढून पाहिलं की नवी नाजूक मुळं तुटतात. पावसाळा संपेपर्यंत हात लावू नका, नंतर दोन उन्हाळे पाणी द्या. जागा भिंतीपासून, गटारापासून निदान पन्नास फूट लांब हवी. सोसायटीच्या आवारात ती मिळत नाही, तेव्हा तळ्याकाठी किंवा गावच्या गोचरात (गायरानात) परवानगी घेऊन लावा.

सुती धागा काही महिन्यांत आपोआप कुजतो, त्याची काळजी नको. नायलॉन-पॉलिस्टरचा कुजत नाही. बुंधा जाड होत जातो, धागा सालीत रुततो आणि पानांत तयार झालेलं अन्न मुळांपर्यंत उतरत नाही. इथे मराठी आणि गुजराती बायका एकाच पौर्णिमेला वड पुजतात, त्यामुळे एकेका झाडावर धाग्यांचे थर चढतात. चार दिवसांनी कात्रीने एका बाजूने कापून सगळा उतरवा. निरांजन बुंध्याला टेकवू नका, दोन हात लांब ठेवा. सालीखालचा जिवंत थर आचेने मरतो आणि त्या जखमेतून बुरशी आत शिरते.

प्रश्न : दसऱ्याला विकतात तो आपटाच असतो का?
– एक वाचक, वडोदरा

उत्तर : पुष्कळदा कांचन असतो. आपट्याचं पान जाडसर, जेमतेम दोन-तीन बोटं रुंद, लांबीपेक्षा रुंदीने जास्त. कांचनाचं पान पातळ आणि चांगलं तळहाताएवढं. खरा आपटा मिळालाच तर फांदी मोडून आणू नका, माणशी एक पान पुरतं.