कर्ता करविता : वाद एका 'व'चा

प्रश्न ठाण्यातूनच आलाय. कोपिनेश्वराचं दर्शन घेऊन तलावपाळीवर टेकलेले मामा म्हणाले, 'कर्ता करविता तोच.' भाच्याने विचारलं, 'मग पाकीटही तोच मारतो का?' वाद मिटला नाही, पण भाच्याला शंका आली : हे दोन शब्द दगडधोंड्यासारखे एकाच अर्थाचे आहेत का?

नाहीत. कर्ता म्हणजे करणारा, करविता म्हणजे करवून घेणारा. शेवटचा 'ता' सारखा दिसला तरी घराणी वेगळी. कर्ता हे संस्कृत 'कर्तृ'चं आयतं रूप. करविता मराठीने घडवलेला, जाणता-वाहता यांच्या रांगेतला.

संस्कृतचा व्याकरणकार पाणिनी, त्याची कर्त्याची व्याख्या दोनच शब्दांची आहे : 'स्वतन्त्रः कर्ता' (१.४.५४). प्रेरणा देणारा लगेच पुढच्या सूत्रात येतो, पण तो आल्याने पहिल्याचं कर्तेपण जात नाही. मास्तरांनी बंडूकडून पाढे म्हणवून घेतले, तरी पाढे म्हणणारा बंडूच. चुकला तर छडीही त्यालाच. तेव्हा देव नुसता करविता असेल तर पाकीटमार सुटत नाही. मामांनी कर्तेपणही देवाला देऊन टाकलं, तिथे घोटाळा झाला. माझ्या मते हा वाक्प्रचार स्वतःच्या चांगल्या कामापुरताच शोभतो. तुकोबांनी 'शिकविता धनी वेगळाचि' म्हटलं ते स्वतःच्या वाणीबद्दल. आपण त्याचा 'बोलविता धनी' करून पुढाऱ्यांच्या मागे लावतो, तेव्हा त्यात नम्रता नसते, संशय असतो.

आता हा 'व' पाहा. आमच्या नौपाड्यातल्या इमारतीची लिफ्ट बंद होती. आजी दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसल्या नि म्हणाल्या, 'मला आता चढवत नाही गं बाई.' खालून वॉचमन म्हणाला, 'थांबा आजी, मी चढवतो.' क्रियापद तेच. आजींचं शक्य (जमतं की नाही ते सांगणारं), वॉचमनचं प्रयोजक (दुसऱ्याकडून करवून घेणारं). सर्वशक्तिमान देवाला स्वतःलाच उचलवणार नाही असा दगड करता येईल का, हे जुनं कोडं मराठीत आजींच्या 'व'वर उभं आहे. संस्कृत वचनात ईश्वर 'कर्तुम् अकर्तुम् अन्यथाकर्तुम्' समर्थ असतो : करायला, न करायला, भलतंच करायला. त्यातलं 'अकर्तुम्' मला फार आवडतं. न करणंही सामर्थ्यातच धरलंय. (हल्ली हे विशेषण साहेबलोकांना लावतात, ते बहुधा या मधल्याच शब्दासाठी.)

भाच्याने देव असल्याचा पुरावाही मागितला होता. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणतात, घडा दिसला की कुंभार मानावाच लागतो, तसा जग दिसलं की देव. मराठी तेवढी सक्ती करत नाही. 'काच फोडली' म्हणा, नाहीतर 'काच फुटली' म्हणा. चेंडू लागल्यावर मुलं कुठलं म्हणतात ते सगळ्यांना ठाऊक आहे. भाच्याचं जग घडलं, मामांचं घडवलं. मधला 'व' खरा की मानलेला, हे व्याकरणाला ठरवता येत नाही.

लिहिताना 'करता करविता' नको, 'कर्ता'च लिहा. 'कर्ताधर्ता' निराळा, तो सर्वेसर्वा. आणि देवीबद्दल बोलायचं तर 'कर्ती करविती'. पुस्तकी 'कर्त्री' त्या जोडीत खड्यासारखी लागते.