आयरिश कवी सीमस हीनी यांच्या ‘ब्लॅकबेरी-पिकिंग’ (ब्लॅकबेरीची फळं तोडणं) या कवितेतल्या प्रतिमा आणि भाषेवर काय लिहू?

प्रश्नासोबत तुम्ही उत्तरात घ्यायला उपमा, रूपक, अनुप्रास अशी यादी दिलीये. यादी चुकीची नाही, पण नुसत्या यादीने उत्तर उभं राहत नाही. 1966 च्या संग्रहातली ही कविता म्हणजे लहानपणी काटेरी झुडपांवरची फळं तोडून गोठ्यात साठवली आणि ती सडली, एवढीच गोष्ट. माझ्या मते सड दुसऱ्या कडव्यात येत नाही, ती पहिल्या ओळीपासूनच आहे. हाच मुद्दा धरून लिहा.

सुरुवातच ऑगस्टअखेरच्या ऊन-पावसाची आहे. आपल्या खान्देशात तेव्हा कपाशीला पातं लागलेलं असतं, पोळा तोंडावर असतो. म्हणून आमची पोरं पाऊस दिसला की ‘नवजीवनाचं प्रतीक’ लिहून मोकळी होतात! आयर्लंडात तेव्हा उन्हाळा संपत आलेला असतो.

पहिलं पिकलेलं फळ दिसतं ते चकाकत्या जांभळ्या गुठळीसारखं. त्याचा रस म्हणजे उन्हाळ्याचं रक्त, आणि त्याचे डाग जिभेवर. (सातपुड्यातली जांभळं खाल्लेल्याला हे वेगळं सांगायला नको.) डब्यात वर आलेली काळी फळं ताटभर डोळ्यांसारखी, आणि पोरांचे तळहात ब्लूबिअर्डसारखे चिकट. ब्लूबिअर्ड हा युरोपातल्या लोककथेतला, आपल्या बायकांना मारून टाकणारा नवरा. फळं तोडणाऱ्या लेकरांना ही उपमा! इथे हात आखडू नका, दोन वाक्यं जास्त लिहा. हावरेपणा आणि अपराध गोडीत आधीच कालवलेले आहेत. पुढे उंदराच्या रंगाची बुरशी त्याच साठ्यावर ताव मारते, म्हणजे पोरांची हाव आता तिच्यात शिरली.

नादाबद्दल बहुतेक जण लिहीतच नाहीत. 24 ओळी, दोन-दोनच्या जोड्या, यमकं जवळपास सगळी अर्धवट. पूर्ण जुळतात फक्त दोन जोड्या: फळ पिकतं तिथे ‘क्लॉट-नॉट’ (गुठळी-गाठ) आणि अगदी शेवटी ‘रॉट-नॉट’ (सड-नाही). पिकण्याचा आणि सडण्याचा आवाज एकच. माझ्या दृष्टीने कवितेतलं सगळ्यात भारी काम हेच.

सर्वनामंही बघा: पहिलं फळ ‘तू’ खाल्लंस, तोडायला आणि साठवायला ‘आम्ही’, रडू मात्र एकट्या ‘मला’ येतं.

‘कवी निसर्गप्रेमी आहे’ छापाची प्रस्तावना गाळा, ती जागा ब्लूबिअर्डला द्या.